आरशातल्या सुधाकाकू

सुधाकाकू हसायच्या हिंदीत आणि रागवायच्या मराठीत. आमच्या हिंदी मुलखातल्या शहरात, मदन महल भागात, आमच्या शेजारच्या घरात त्या राहायच्या आणि अधारताल भागात शिवणाचा वर्ग चालवायच्या. मुलींशी ‘अच्छा’, ‘चलो’ करत दिवसभर खेळीमेळीचं बोलणं चालायचं; पण काही मनापासूनचं सांगायचं असलं की आवाज खाली यायचा आणि घरची वऱ्हाडी वळणाची मराठी सुरू व्हायची. आपल्याला एचआयव्ही आहे हे त्यांनी मला मराठीतच सांगितलं. काकांकडून तो आजार त्यांना आला होता, आणि तो कळेपर्यंत काका गेलेही होते.

सरकारी दवाखान्यात या आजाराच्या गोळ्या फुकट मिळू लागल्या, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ही गोष्ट. एकही गोळी चुकवायची नाही, असं तिथे बजावून सांगत. काकूंनी ते व्रतासारखं पाळलं. अंगावर मांस चढलं, जिना चढताना थांबणं बंद झालं. काकू पुन्हा शिवणयंत्रावर बसल्या तेव्हा आम्हाला वाटलं, संकट टळलं.

पुढे त्यांचे गाल बसू लागले. हातांच्या शिरा दोऱ्यांसारख्या वर आल्या, पोट मात्र सुटलं. तळपाय असे जळायचे की चप्पल सोसवेना. आळीत कुणी टीबी म्हणे, कुणी साखर. काकू म्हणाल्या, “गाल गेले न् पोट आलं. देवानं सामान चुकीच्या खोलीत ठेवून देलं.”

गंमत अशी की रक्ताचा रिपोर्ट दर वेळी आधीपेक्षा चांगला यायचा. दवाखान्यातल्या बाई शाबासकी द्यायच्या. घरी आल्यावर काकू आरशासमोर उभ्या राहायच्या. “कागदावर मी बरी होऊन राहिली, आरशात मरून राहिली. कोणाचं खरं मानू?”

मग मळमळ सुरू झाली. अन्न नको, पोटात दुखे, आणि बसल्या जागी धाप लागे. जवळच्या डॉक्टरांनी कावीळ म्हणून औषध दिलं. मझौली गावाहून चुलत दीर एक काढा घेऊन आले आणि म्हणाले, वहिनी, त्या गोळ्याच तुम्हाला खाऊन राहिल्या, सोडा त्या. काकूंनी काढा घेतला नाही, गोळ्याही सोडल्या नाहीत. मात्र त्या दिवशी गोळी तळहातावर ठेवून त्या बराच वेळ बसून राहिल्या.

दुसऱ्या सकाळी बोलताना वाक्य पुरं होईना, तेव्हा मी त्यांना रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथे एका तरुण डॉक्टरीणबाईंनी तपासण्या केल्या. रक्तात आम्ल साचलं होतं आणि लिव्हरमध्ये चरबी. त्यांनी पलंगाच्या कडेवर बसून आम्हाला सोप्या हिंदीत समजावलं. शरीराच्या पेशीपेशीत बारीक चुली असतात, मायटोकॉन्ड्रिया; त्यांच्यावरच सगळी शक्ती तयार होते. विषाणू स्वतःच्या नकला काढतो, ते काम या गोळ्या अडवतात. पण त्या चुलींनाही टिकून राहायला स्वतःच्या नकला काढाव्या लागतात, आणि यांतली एक गोळी कधीकधी तिथेही आडवी येते. चुली विझत जातात, इंधन अर्धवट जळतं, त्याचं आम्ल रक्तात साचतं. लिव्हरला चरबी जाळता येत नाही, ती तिथेच साठते. गाल बसले, तळपाय जळले, तेही त्याच गोळीमुळे.

“तो फिर, दवा ने मुझे बचाया कि मारा?” काकूंनी विचारलं.

“दोनों,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी सगळ्या गोळ्या तूर्त बंद केल्या. एक गोळी चुकली तर दम देणारे लोक आता गोळ्यांचा डबाच काढून घेऊन गेले. काकू रिकाम्या हातांकडे पाहत राहिल्या. औषध चालू होतं तोवर औषधाची भीती, आता ते नाही याची.

ते दिवस फार वाईट गेले. सलाईन, धाप, ग्लानी. काकू वाचतील असं कुणी म्हणत नव्हतं. पण आम्ल हळूहळू उतरलं, लिव्हर सावरलं, आणि ती एक गोळी बदलून औषध पुन्हा सुरू झालं. पुढे काही वर्षांनी ती जुनी गोळी सगळ्यांचीच बंद झाल्याचं कळलं. पायांची आग कमी झाली. गाल मात्र परतले नाहीत.

काकू घरी आल्यावर काही महिन्यांनी, ती गोळी इतरांना अजून मिळत होती तेव्हा, दवाखान्यात एक नवी बाई भेटली. हातात गोळ्यांची पहिली बाटली, आणि नजर काकूंच्या चेहऱ्यावर खिळलेली. तिने भीत भीत विचारलं, “दीदी, खाऊँ कि नहीं?”

काकू तिच्याजवळ बसल्या. “खाओ. मैं इसी से ज़िंदा हूँ. पर पैर जलें, साँस फूले, तो चुप मत बैठना. उसी दिन आना.”

बाईने मान हलवली आणि बाटली पदराखाली धरून ती निघून गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत काकू फाटकाकडे पाहत होत्या. मग माझा हात धरून हळू आवाजात म्हणाल्या, “मी तिले बरोबर सांगितलं ना गं?”

मी हो म्हटलं. खात्री दोघींनाही नव्हती.