टाळ्या गल्लीच्या, मतं गावाकडे

भरलेल्या प्रेक्षागृहाचा माझा मोह आयुष्यभर सुटला नाही. म्हणून त्या संध्याकाळी गल्लीतली लमीसची सभा पाहून या म्हाताऱ्या नटाचे डोळे पाणावले. गच्च्या, सज्जे, पायऱ्या, जिकडे तिकडे माणसं! आमच्या नाटकांनाही लेबनॉनच्या या उत्तर किनाऱ्यावर एकेकाळी अशीच गर्दी व्हायची.

लमीस म्हणजे तिळाचा पाव गाडीवर विकणाऱ्या मुनीफची मुलगी. औषधांच्या दुकानात कामाला. आमच्या देशात मत बापजाद्यांच्या गावी नोंदलेलं असतं; गल्लीत मूळचं शहरातलं घर तेवढं यांचंच. आमच्या गल्लीतल्या गटाराचं लोखंडी झाकण चोरांनी नेलं आणि अंधारात मुनीफ गाडीसकट त्यात गेला. खुबा मोडला. आता तो सज्ज्यात बसून असतो. लमीस झाकण मागायला नगरपालिकेत गेली, तर कारकून हसला. "तुमच्या गल्लीत मतं आहेत कुठं? सगळे डोंगराकडचे. मत गावाला टाकतात, तर झाकणही गावाकडून आणा की!"

ती तडक माझ्याकडे आली. "उस्ताद, मी नगरपालिकेला उभी राहते. मला बोलायला शिकवा."

मी शिकवलं. श्वास पोटातून घे, शेवटच्या रांगेतल्या म्हातारीशी बोल. पोरगी हुशार. सभेत एवढंच म्हणाली, "माझे बाबा या खड्ड्यात पडले. मला तो झाकायचाय. मग पुढचा." टाळ्यांचा नुसता कडकडाट. समोरच्या उम्म खल्दूननं, म्हणजे खल्दूनच्या आईनं, सज्ज्यातून तांदूळ उधळले.

कॉफी फिरली तेव्हा लमीसनं हसत विचारलं, "उम्म खल्दून, तुमच्या घरची सगळी मतं माझी ना?"

"तुझीच गं! पण मतदारयादीत आमची नावं तिकडे डोंगरात, अक्कारच्या गावात."

"ती इकडे आणणार होतात ना? दर ईदला म्हणता."

"म्हणतो खरं. पण नाव कसं काढायचं, लेकी? सासू-सासरे तिथं पुरलेत. उद्या मलाही तिथंच जायचंय."

न्हावी जाबेर म्हणाला, "माझंही तिकडेच. तुला जन्मभर फुकट टाळ्या देतो, चालेल?" सगळे हसले. लमीसही हसली. मग एकेकाला विचारत गेली आणि हसू विरत गेलं.

शेवटी माझ्याकडे वळली. "उस्ताद, तुमचं?"

"आजोबांच्या गावात. तिथं कबरींशिवाय मला कुणी ओळखत नाही, पोरी."

ती हळूच म्हणाली, "म्हणजे कारकून खोटं बोलत नव्हता."

तरीही तिनं अर्ज मागे घेतला नाही. मतदानाच्या रविवारी सकाळीच गावोगावच्या उमेदवारांच्या छोट्या बसगाड्या गल्लीत लागल्या. जेवण फुकट, गाणी मोठ्यानं. बायका नटूनथटून निघाल्या. प्रत्येकीनं चढण्याआधी लमीसचे गाल चुंबले, "अल्ला तुला यश देवो" म्हटलं. माझ्या गावचीही गाडी आली. कधी न भेटलेला कुणी दूरचा चुलतभाऊ तिथं निवडणुकीला उभा होता. मी चढलो नाही. पण त्यामुळे लमीसचं एक मतही वाढलं नाही.

खड्ड्यावर लमीसनं एक मोडकी खुर्ची ठेवली होती, पाठीला लाल फडकं बांधून. शेवटच्या गाडीला वळायला जागा होईना, तेव्हा तिनंच ती बाजूला ओढली. गाडी हलली तशी उम्म खल्दून खिडकीतून ओरडली, "लमीस, खुर्ची परत ठेव गं! आम्ही येऊ तेव्हा अंधार असेल."

सज्ज्यातून मुनीफ बघत होता. लमीसनं खुर्ची जागेवर ठेवली, फडकं नीट बांधलं आणि रिकाम्या गल्लीतून एकटी मत द्यायला गेली.