सप्टेंबरातली चैत्रगौर

आमच्या विहीणबाईंना भेटला आणि हबकला नाही, असा माणूस अजून ऑस्ट्रेलियात पाय ठेवायचा आहे. मी तर मुलाची आई. रीतसर मान माझा. पण तो मागायला तोंड उघडावं, तर ते आधीच आश्चर्याने उघडलेलं असतं. मुलाचं लग्न ठरत होतं तेव्हा बोलणी करायला त्या आमच्या पेंडल हिलच्या घरी आल्या त्या चिखलाने माखलेले बूट, दोन हातांत दोन काठ्या आणि केसांत काटक्या अशा थाटात. मला वाटलं, बाईंना रस्त्यात अपघात झाला. मी पाणी आणायला धावले, तर म्हणतात, "काही नाही हो, जरा डोंगरातून येतेय. पाय कुठे धुऊ?" मुलीची आई म्हणून दबून वागणं वगैरे त्यांच्या गावी नव्हतं, आणि मी जी दाराशी थिजले ती अजून पुरती सैल झालेली नाही.

त्या दर रविवारी बायकांचा जथा घेऊन डोंगरात जातात. आम्ही सात-आठ जणी, बहुतेक पुण्या-मुंबईच्या. कोणी आयटीतल्या, कोणी आयटीतल्यांच्या आया. ऑगस्ट उलटला की समुद्राकाठच्या डोंगरांत फुलंच फुलं होतात. पिवळा वॅटल, गुलाबी बोरोनिया, आणि ती पांढरी, लोकरीच्या कापडासारखी दिसणारी फ्लॅनेल फ्लॉवर्स. मग विहीणबाईंच्या अंगात येतं. एखाद्या झुडपाला "काय गं, यंदा उशीर केलास?" असं दरडावून विचारतात. जिथे खडक फाटून घळ थेट समुद्रात उतरते, तिथे शेळीसारख्या टणाटण उतरतात आणि खालून हाका मारतात, "या हो, काही नाही!" त्यांचं 'काही नाही' म्हणजे वर कडा, खाली लाटा आणि मधे माझे गुडघे. मी मनातल्या मनात रामरक्षा सुरू करते, आणि ती संपायच्या आत बाई पलीकडच्या चढावर पोचून थर्मासमधला चहा ओतत असतात.

पण खरा हादरा पंचांगाचा. लग्नानंतर पहिल्याच वर्षी त्यांचा फोन आला, "विहीणबाई, रविवारी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या. बूट घालून." मी कॅलेंडर बघितलं. सप्टेंबर. भाद्रपद. त्यातून पितृपक्ष! म्हटलं, "अहो, चैत्र होऊन गेला की कधीच!"

"चैत्रात इथे पानं गळतात. कुडकुडत पन्हं कोण पिणार? गौर वसंतात येते ना? मग वसंत आत्ता आहे."

आमच्या घरात एकादशी कधी इकडची तिकडे झाली नाही, आणि या बाईंनी अख्खा चैत्र उचलून सहा महिने पुढे नेऊन ठेवला. मी आशेने सुनेकडे बघितलं, तर ती म्हणते, "आई, चिल. आमच्याकडे आधीपासून असंच असतं."

गेले. न जाऊन सांगते कोणाला! कड्यावर पोचल्यावर सवयीने माझा हात फुलांकडे गेला, तर विहीणबाईंनी मनगटच धरलं. "तोडायचं नाही. इथे कायदा आहे."

"मग गौरीला वाहायचं काय?"

"फुलं गौरीकडे न्यायची नाहीत. गौर फुलांकडे आणायची," असं म्हणून त्यांनी पाठीवरच्या बॅगेतून डबा काढला, डब्यातून लोकरीची टोपी, आणि टोपीतून अन्नपूर्णा. अगंबाई! पितळेची, लग्नात त्यांच्या आईने दिलेली, त्या आईला तिच्या आईने दिलेली. ती पोळीभाजीच्या शेजारी बसून आली होती! खडकांच्या फटीत दोन काठ्या रोवून, मधे ओढणी बांधून झोपाळा झाला. फ्रोजन कैरीची डाळ निघाली. वाटेने चाललेल्या एका गोऱ्या बाईला थांबवून कुंकू लावलं, तिच्या नवऱ्याच्या हातावर हरभरे ठेवले. नॅशनल पार्कचा माणूस चौकशीला आला, तर त्याला इंग्रजीत ठणकावलं, की आम्ही इथून काही नेत नाही, उलट देवी घेऊन आलोय. तो "नो वरीज" म्हणाला आणि डाळीची वाटी घेऊन गेला. मी खडकावर बसून नुसती बघत राहिले.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. त्याच कड्यावर, त्याच झोपाळ्यात गौर बसली होती आणि एक कुकाबरा, म्हणजे आपल्या खंड्याचा दांडगा भाऊ, कुणाच्या तरी हातातल्या रोलवर झेपावला. सगळ्या किंचाळल्या, कोणीतरी मागे सरली, काठी आडवी झाली. अन्नपूर्णा खडकावर एकदा वाजली, जरा खाली दुसऱ्यांदा वाजली, आणि मग काहीच वाजलं नाही. खाली घळ, घळीत समुद्र. विहीणबाई सरळ कड्याच्या टोकाकडे निघाल्या. मी त्यांच्या जॅकेटला मागून दोन्ही हातांनी धरलं आणि ओरडले, "अगं, जाशील तूसुद्धा!" विहिणीला जन्मात पहिल्यांदा मी अगं म्हटलं.

त्या थांबल्या. "काही नाही हो," म्हणाल्या. "सासरी गेली." आणि सगळ्यांना डाळ वाढली, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही.

परतताना गाडीत मागच्या सीटवर आम्ही दोघीच होतो. त्यांच्या मांडीवर ती रिकामी टोपी. बोटांनी तिचं तोंड उघडत होत्या, मिटत होत्या. मग खिडकीकडे बघत हळूच म्हणाल्या, "आईला काय सांगू मी?" त्यांची आई जाऊन कितीतरी वर्षं झाली होती. मी नुसता त्यांचा हात धरून बसले.

गेल्या वर्षी फुलं आली, तशा त्या म्हणाल्या, "यंदा गौर नाही. नुसतं चालून येऊ." कड्यावर पोचलो. डाळ मात्र करून आणली होती; सवय कुठे जाते? मग मी बॅग उघडली. डबा काढला, डब्यातून मी विणलेली टोपी, आणि टोपीतून माझी अन्नपूर्णा. माझ्या देव्हाऱ्यातून चैत्राशिवाय कधी न हललेली. भाद्रपदात. त्या दिवशी तर सर्वपित्री होती!

विहीणबाई आ वासून बघत राहिल्या. मी म्हटलं, "बघता काय? पुढे तुमच्याच लेकीकडे जायचीय ही. काठ्या रोवा." त्यांनी रोवल्या. पहिली वाटी भरून त्या घळीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "आधी तिला," म्हणाल्या. खाली लाटा आपटत होत्या.

मग डोळे पुसून त्या झोपाळ्यापाशी आल्या, आणि त्यांना दिसला तो दोरा. मी अन्नपूर्णेच्या कमरेला पक्की गाठ मारून दुसरं टोक माझ्या मनगटाला बांधलं होतं.

"अहो विहीणबाई, किती आवळलाय! तिला झोका कसा घेता येणार?"

मी दोरा सैल केला. थोडासाच.