पाच बिल्डिंगांचा करार

आमच्या वरच्या मजल्यावरच्या भावोजींइतका लोकशाहीने पछाडलेला माणूस अख्ख्या जपानात दुसरा नसेल. तसे ते माझ्या नवऱ्याच्या ऑफिसातले, पुण्याहून बँकेच्या प्रोजेक्टवर टोकियोत आलेले साधे प्रोग्रामर. पण टोकियोच्या हिगाशी-कसाई भागातल्या त्यांच्या दोन खोल्यांत भाजी कुठली करायची ह्यावरही मतदान व्हायचं. मुलगी "यादा!" म्हणून, म्हणजे जपानीत साफ नकार देऊन, निघून जायची, भावोजी वहीत 'तटस्थ' लिहायचे. शेवटी बायकोच्या मनात असेल तीच भाजी ताटात पडायची. एकदा ऑफिसात दुपारी जेवायला कुठे जायचं म्हणून त्यांनी हात वर करायला सांगितलं. सातही जपानी आधी साहेबाकडे बघत बसले. नूडल्सचं नाव घेतलं तेव्हाच साहेबाने डोकं खाजवायला हात वर केला, तसे सातही हात वर गेले आणि सगळ्यांना नूडल्स खाव्या लागल्या. "वहिनी, हे मतदान धरायचं का?" घरी येऊन मला विचारतात! म्हटलं, "धरा, तुम्हाला कोण अडवतंय!"

त्यातून भावोजींना अमेरिकेचं वेड. अमेरिकेत ह्यांना काळं कुत्रं ओळखत नव्हतं, पण तिथला राष्ट्राध्यक्ष कसा निवडतात ते ह्यांच्या झोपेत यायचं. तिथे म्हणे देशभरात जास्त मतं मिळवलेला माणूसही हरू शकतो, कारण बहुतेक राज्यं त्या-त्या राज्यात जिंकलेल्याच्याच पदरात आपली सगळी मतं टाकतात. ह्यावर काही राज्यांनी तोड काढली. देशभर ज्याला जास्त मतं, त्यालाच आम्ही आमची सगळी मतं देऊ. मात्र बहुमत होईल इतकी राज्यं सामील होईपर्यंत करार निजलेला. पहिल्या राज्याने होकार दिला त्या दिवशी भावोजींनी कोन्बिनीतून, म्हणजे कोपऱ्यावरच्या दुकानातून, आइस्क्रीम आणून मजला-मजला वाटलं.

"वहिनी, लोक आपली ताकद आपणहून सोडतायत! असं कधी पाहिलंय?"

"मी अजून जिना झाडलेला पाहिला नाही. आज तुमची पाळी आहे."

आता आमच्या मराठी मंडळाचा अध्यक्ष नेमका असाच निवडला जायचा. पाच बिल्डिंगा, पाच मतं. ज्या बिल्डिंगमध्ये ज्याला जास्त हात, तिचं मत त्याला. तीन बिल्डिंगा आमच्या कसाईच्या आणि दोन पलीकडच्या ओजिमा भागातल्या, त्यामुळे ओजिमाकरांनी कितीही हात वर केले तरी अध्यक्ष कसाईचाच. अध्यक्षाला मान एकच, गणपतीची प्रतिष्ठापना जोडीने करायची. भावोजींनी अमेरिकेचा करार मराठीत उतरवला आणि कागद घेऊन दारोदार फिरले. ओजिमाच्या दोन्ही बिल्डिंगांनी हसत सही दिली, त्यांचं काय जातंय! तिसरी सही झाली की पाचात तीन, म्हणजे करार जागा. ती आमच्या बिल्डिंगची सही प्रमुख म्हणून भावोजींनी स्वतःच ठोकली. कसाईकरांनी त्यांना वेड्यात काढलं.

आणि त्याच वर्षी स्वतः उभे राहिले. मार्चमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपून ते कायमचे पुण्याला परतणार होते, म्हणजे हा इथला शेवटचा गणपती. जांभळं सोवळं दोन वर्षांपूर्वीच आणून कपाटात ठेवलेलं, मला तीनदा दाखवून झालेलं. समोर होत्या ओजिमाच्या काकू, मंडळाचे सगळे मोदक एकहाती करणाऱ्या. हात मोजायला अर्थातच भावोजी. कसाईच्या तिन्ही बिल्डिंगा त्यांनी थोडक्यात जिंकल्या. तीन विरुद्ध दोन! टाळ्यासुद्धा पडल्या. भावोजींनी मात्र सगळ्या हातांची बेरीज केली, आणि खडू हातात धरून तसेच उभे राहिले. काकूंना दोन हात जास्त होते.

"करारानुसार आमच्या बिल्डिंगचं मत काकूंना," ते म्हणाले.

काकूच ओरडल्या, "अहो, ठेवा तो कागद खिशात! कोण बघतंय?"

"मी बघतोय ना, काकू." एवढं बोलून त्यांनी फळ्यावरचा आपला तिनाचा आकडा पुसला आणि दोन लिहिला.

गणपतीच्या दिवशी काकूंचे यजमान पँटवरच पूजेला आले. भावोजी धावत घरी गेले आणि ते जांभळं सोवळं घेऊन आले. "नेसा हो, माझी उंची आणि तुमची सारखीच," म्हणाले. भावोजींची बायको तेवढ्यापुरती खिडकीशी जाऊन उभी राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

कारण काकूंच्या बाजूने वर झालेल्या हातांत दोन आमच्या घरचे होते, माझा आणि नवऱ्याचा. म्हटलं, हे अध्यक्ष झाले तर कुठली आरती आधी म्हणायची ह्यावरही मतदान घेतील आणि मोदक गार होतील. मोजताना भावोजींची नजर माझ्या हातावर जरा थांबली होती. मग "सात" म्हणून ते पुढे गेले.

अमेरिकेतला करार अजून निजलेलाच आहे म्हणतात. आमचा चालू आहे. दर निवडणुकीला पुण्याहून फोन येतो, "वहिनी, हात नीट मोजले ना?" आज सांगायचंच, भावोजी, माझं चुकलं, असं मी दर वेळी ठरवते. तोंडातून निघतं ते, "हो, मोजले की. तुमच्या सोसायटीत काय?"

"इथे काय, बिनविरोध," ते म्हणतात, आणि माझं सांगायचं पुढच्या निवडणुकीवर जातं.