मुक्ताचा कॅमेरा

पाच वर्षांच्या मुक्तासाठी पहिला कॅमेरा घ्यायचा, तर दुकानदार आधी तिच्या बापाकडे बघतो. माझा नवरा आठवडाभर याच विषयावर वाचून आलेला, त्यामुळे दोघांचं लगेच जमलं. पाण्यात पडला तर काय, आपटला तर काय, अंधारात फोटो कसा येईल. ही पोरगी अंधारात कशाचे फोटो काढणार आहे, देव जाणे. मी काउंटरला टेकून वैतागत उभी होते.

"मुक्ता, इकडे बघ. हस बघू," नवरा म्हणाला. एक कॅमेरा झाला, मग दुसरा. मग दुकानदार मला म्हणाला, "वहिनी, तुम्हीपण काढून बघा की." मीही काढला, आणि वर तिलाच दटावलं, "हलू नकोस गं, फोटो हलतोय."

मुलांसाठी म्हणून आपण जे जे आणतो, त्याचं हे असंच होतं. पतंग आणला की मांजा आपल्या हातात, बुद्धिबळ आणलं की खेळी आपणच सांगणार. पोरांनी शेजारी उभं राहायचं, आणि खूशही दिसायचं.

कुठला घ्यायचा ते काही ठरेना. शेवटी सगळे कॅमेरे काउंटरवर ओळीने मांडून त्यांतले फोटो ताडून पाहिले. प्रत्येकात रंग वेगळा, उजेड वेगळा. मुक्ता मात्र सगळ्यांत तशीच होती. न हसलेली, आणि कॅमेरा घ्यायला हात पुढे केलेली.