जात्याचा खुंटा

सन तीस-एकतीसच्या हिवाळ्यात माझी आई बारामतीहून नरसिंहपूरला मामांकडे जायला निघाली ती तिथे पोहोचली नाही. मीच तिला इंदापूरच्या मोटारीत बसवले होते. इंदापुरात ती उतरली आणि पानवाल्याकडे पाणी प्यायली. एवढे पक्के. पुढे बैलगाडीने जायचे होते, पण तिला घेतल्याचे एकही गाडीवान सांगेना.

चावडीवर वर्दी दिली. नरसिंहपूरच्या संगमापाशी नदीत नावाडी उतरवले. घरात भांडण झाले नव्हते, ती आजारी नव्हती, अंगावर दागिनाही नव्हता. वडील वारल्यापासून ती माझ्याकडेच सुखाने राहत होती. मामांनी नदीला दोष दिला आणि रीतीप्रमाणे बारा वर्षे झाली की दर्भाचा पुतळा करून दहन करू, असे ठरवून टाकले.

त्याच महिन्यात पिठाच्या गिरणीचे इंजिन बंद पडले. गिरणी आल्यापासून आमचे जाते कोपऱ्यात होते. पत्नी दळायला बसली तर जात्याला खुंटा नव्हता. घर धुंडाळले, मिळाला नाही. तो बाभळीचा खुंटा आईने माहेरून आणला होता, तिच्या हाताने गुळगुळीत झालेला.

पत्नी म्हणाली, "अहो, जीव द्यायला निघालेलं माणूस खुंटा कशाला नेईल?"

आई सांगत असे की तिच्या माहेराकडे दुसऱ्यांची दळणे करणाऱ्या बायका आपापला खुंटा बरोबर नेतात, परक्या खुंट्याने हाताला फोड येतात. पण तिला दळणे करायची काय गरज होती? गिरणीचे पीठ तिलाही आवडायचे.

तेव्हापासून मी वसुलीला किंवा बाजाराला कुठेही गेलो की जात्याची चौकशी करी. लोकांना मी चमत्कारिक वाटत असेन. आईचा खुंटा कुठे बसेल म्हणून जात्यांची खुंट्याची भोके मी बोटाने मोजून पाहिली. आमच्याएवढे रुंद भोक क्वचितच सापडे. बहुतेक अरुंद, काही त्याहूनही मोठी. नरसिंहपूरच्या अलीकडे एका मळ्यात मात्र घरधनीण म्हणाली, "आली हुती की एक म्हातारी, दिवाळीच्या दळणाला. खुंटा सोताचा हुता. पैसं न्हाय घेतलं, पीठ घेतलं."

मी विचारले, ती डाव्या हाताने दळत होती का? आई डावरी होती.

"हात कोण बघतंय, तात्या? आमी पीठ बघतो."

यापुढे माग लागला नाही.

सात वर्षांनी थोरल्या मुलीचे लग्न निघाले. नांदीश्राद्धाला बसलो. त्यात यजमानाच्या वारलेल्या आई, आजी, पणजीला बोलावतात. आई हयात असेल तर ती तिघींची ओळच सोडून देतात. गुरुजींनी पळी खाली ठेवली आणि विचारले, "मातोश्री आहेत की नाहीत? संकल्प अडलाय."

मामा शेजारीच होते. म्हणाले, "नाही म्हण. एका खुंट्याच्या जोरावर माझी बहीण किती वर्षं जिवंत ठेवणार आहेस?"

मी हिशेबाने चालणारा माणूस. एका बाजूला नदी, पण प्रेत नाही. दुसऱ्या बाजूला खुंटा आणि मळ्यातली म्हातारी, पण हाताची साक्ष नाही. बेरीज कुठेच होत नव्हती. आणि बारा वर्षेही झाली नव्हती. मी "आहे" म्हणालो. मामा उठून ओसरीवर गेले. गुरुजींनी ओळ सोडून पुढचे म्हटले.

मग हळदीचा घाणा भरायचा म्हणून जाते मांडवात आणले. सुताराकडून नवा खुंटा करून घ्यायला पत्नी तयार नव्हती. तिने शेजारणीचा मागून आणला. तो आमच्या भोकात खडखडू लागला, म्हणून तिने पातळाची चिंधी गुंडाळून तो ठोकून बसवला. सुवासिनींनी हळद दळली, गाणी झाली. संध्याकाळी तिने खुंटा काढून परत दिला आणि जाते पुन्हा तसेच कोपऱ्यात ठेवले.

चिंधी तेवढी माझ्या हातात राहिली. परक्या जात्याचे भोक मोठे निघाले, तर आई खुंट्याला काय गुंडाळत असेल? पत्नीला विचारले. ती म्हणाली, पदर फाडत असेल. मला वाटते, आई चिंधीही बरोबर घेऊनच गेली असेल.