कुसुमताईंची काडतुसांची पारख

कुसुमताईंना मी पहिल्यांदा पाहिले ते आपल्या साखर कारखान्यावरच्या दसऱ्याच्या शस्त्रपूजेत, आणि पाहताक्षणी त्या मला आवडल्या नाहीत.

मी तेव्हा गेवराईच्या कॉलेजात शारीरिक शिक्षण शिकवत होते. विद्यापीठाच्या संघातून पिस्तूल नेमबाजी केलेली जिल्ह्यातली एकमेव बाई मीच, अशी माझी पक्की समजूत होती. कारखान्याने नेमबाजीचा क्लब काढला, तेव्हा तिथे आपलेच राज्य असणार हे धरून मी गेले. टेबलावर पहारेकऱ्यांच्या बंदुका, क्लबची पिस्तुले आणि झेंडूची फुले मांडली होती. चेअरमन आबासाहेबांनी काडतुसांचा डबा उघडला आणि हळदकुंकवाची चिमूट उचलून आत टाकली. दुसरी चिमूट पडण्याआधी एका बाईंनी हात पुढे करून झाकण लावले. त्या आबासाहेबांच्या थोरल्या भावजय, कुसुमताई.

"आबा, पिस्तुलाला वरून गंध लावा. काडतुसांना नको."

"सणासुदीचं असं कसं, वहिनी? काडतुसानं काय पाप केलंय?"

"त्याच्या शिशावर मेणाचा हात असतो. हळद चिकटली की ती नळीत जाणार. मग गोळी कुठं जाईल ते तुमच्या देवालाच विचारा."

"मंग ह्या डब्याचं काय करायचं?"

"हा आता देवाचाच झाला. बाजूला ठेवा, झाडायचा नाही."

सगळे हसले; आबासाहेबही हसले. ही गोष्ट मलाही ठाऊक होती. मी तोंड उघडणारच होते. पण बोलल्या त्या.

त्या संभाजीनगरला, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादला, पदार्थविज्ञान शिकलेल्या. घर जमीनदाराचे, दीर चेअरमन, नेम चांगला आणि स्वभाव गोड. एका माणसाला एवढे सगळे मिळू नये, असे माझे मत तेव्हा झाले आणि ते आजतागायत बदललेले नाही. सगळा तालुका त्यांना वहिनी म्हणतो. मला सगळे मॅडम म्हणतात. मी एकटी त्यांना कुसुमताई म्हणते, कारण त्या माझ्या कोणाच्याही वहिनी नाहीत.

त्यांचे काम काय, हे या गौरवग्रंथाच्या नेमबाजी न करणाऱ्या वाचकांसाठी सांगते. त्यांनी या जिल्ह्याला काडतूस निवडायला शिकवले. लोकांना वाटते, महाग ते अचूक किंवा जोरदार ते अचूक. दोन्ही चूक. बाजारात तयार मिळणारे प्रत्येक काडतूस प्रत्येक पिस्तुलाला मानवत नाही. एका पिस्तुलाला जे लागू पडते, ते त्याच कंपनीच्या दुसऱ्या पिस्तुलाला पडेलच असे नाही. इतकेच काय, एकाच नावाच्या डब्यांतही लॉट, म्हणजे एका वेळी बनलेली खेप, बदलला की वागणूक बदलते.

कुसुमताई टेबलावर वाळूची पिशवी ठेवत, तिच्यावर हात टेकवून प्रत्येक डब्यातल्या पाच गोळ्या एकाच जागी नेम धरून झाडत आणि मग कागद पाहत. आम्ही सगळे आधी गोळ्या मधोमध लागल्या का ते बघायचो. त्या म्हणायच्या, "मधोमध आणणं आपल्या हातात आहे, पिस्तुलावरची नेम धरायची खूण सरकवली की झालं. आधी छिद्रं एकमेकांजवळ आली का ते बघा. ते काडतुसाच्या हातात आहे." एका कागदावर त्या कधी निकाल देत नसत, पुन्हा झाडत, डब्यांचा क्रम उलटा करून पुन्हा पाहत. एखादे काडतूस कितीही नेमके असो, भरताना एकदा जरी अडकले तरी त्या तो डबा बाद करत. भरभर पाच गोळ्या झाडायच्या फेरीत अडकलेली गोळी म्हणजे गेलेली गोळी.

आता त्या दुष्काळाच्या वर्षाकडे येते. ऊसच नव्हता, म्हणून गाळप बंद होते. तोडीची माणसे दिवाळीआधीच दूरच्या कारखान्यांवर गेली होती. कारखान्यामागचा पाझर तलाव तळापर्यंत आटला आणि त्या कोरड्या तळात, मातीच्या बांधाकडे तोंड करून, आम्हाला पंचवीस मीटरची रेंज मिळाली. दुष्काळाने आम्हाला दिले ते एवढेच.

संचालक मंडळाने ठरवले की राज्य स्पर्धेला या वर्षी एकच बाई जाईल आणि सरावासाठी, निवडीसाठी, स्पर्धेसाठी एकाच प्रकारची काडतुसे येतील. निवड कुसुमताईंत आणि माझ्यात होती. मला ती जागा हवी होती. खरे म्हणजे जागेपेक्षा मला त्यांना हरवायचे होते, सगळ्यांसमोर आणि अशा रीतीने की मागे कोणाला काही बोलायला जागा राहू नये.

काडतुसे निवडायची जबाबदारी अर्थातच त्यांच्याकडे. नगरच्या विक्रेत्याकडे दोनच प्रकार शिल्लक होते, निळा डबा आणि पिवळा. त्यांनी क्लबची दोन पिस्तुले, माझे आणि स्वतःचे, अशी चारही पिस्तुले दोन्ही डब्यांवर तपासली. मी शेजारी उभी होते. त्यांच्या पिस्तुलातून निळ्या डब्याच्या गोळ्या अशा लागल्या की पाचही छिद्रे एका रुपयाखाली झाकावीत. पिवळ्याच्या मात्र कागदभर पांगल्या. माझ्या पिस्तुलाचे बरोबर उलटे झाले. मी मनात म्हटले, गेली जागा.

त्यांनी पिवळा डबा उचलला. "हे मागवा."

आबासाहेब चकित झाले. "वहिनी, तुमच्या पिस्तुलाला तर निळा चांगलाय. तुमच्यापुरता येगळा मागवू की. कोण इचारतंय?"

"ऊसतोडीला गेलेली माणसं परत आली की विचारतील. गाळप बंद, आणि चेअरमनच्या वहिनीला वेगळी काडतुसं? चारांतल्या तीन पिस्तुलांना पिवळा मानवतो. क्लबसाठी घ्यायचं तर पिवळाच."

मला राहवले नाही. "कुसुमताई, माझ्यावर उपकार नकोत."

"उपकार कसले, मॅडम? तीन पिस्तुलांना निळा मानवला असता तर निळा घेतला असता. तुम्ही रडला असता तरी."

आता अशा माणसावर रागवायचे तरी कसे? त्यांनी माझ्यावर मेहरबानी केली असती, तर मी ती नाकारली असती. त्यांनी स्वतःचे साधले असते, तर जन्मभर बोलायला मला विषय मिळाला असता. त्यांनी नुसता बरोबर निर्णय घेतला आणि माझे दोन्ही रस्ते बंद केले.

निवडीत मी जिंकले. कुसुमताई त्यांच्या पिस्तुलातून पांगणारी ती पिवळी काडतुसेच झाडत राहिल्या, एकदाही कुरकुरल्या नाहीत, आणि फेरी संपल्यावर माझ्याकडे येऊन म्हणाल्या, "शेवटी मनगट सैल पडलं तुमचं. राज्याला ते चालायचं नाही." मी मनगट सांभाळले आणि राज्याचे कांस्यपदक आणले.

कारखान्याच्या सभेत माझा सत्कार झाला. हार माझ्या गळ्यात पडला. मग आबासाहेब बोलायला उठले आणि भाषणभर वहिनींच्या काडतुसांच्या निवडीबद्दलच बोलले. टाळ्या वाजल्या त्या त्यांच्यासाठी. खाली उतरले तर भोजनगृहातल्या सखुबाईंनी हात धरला. "मॅडम, तुमी जिंकल्या, लई ब्येस झालं. पर वहिनीचं मन बघा की, केवढं मोठं!" मी हो म्हटले. दुसरे काय म्हणणार? पदक माझ्या कपाटात आहे आणि गोष्ट त्यांच्या नावावर आहे.

मला त्यांच्याशी पुन्हा लढायचे होते, दोघींना मानवतील अशी आपापली काडतुसे घेऊन. पण पुढच्या वर्षी त्यांनी स्पर्धा सोडली, पिस्तूल क्लबला देऊन टाकले आणि मुली शिकवायला घेतल्या. त्यांत माझ्या कॉलेजच्या मुलीही आल्या. मी काही सांगितले की त्या म्हणतात, "बरोबर आहे मॅडम, पण एकदा वहिनींना विचारून येते." आणि विचारून येतात. मी पाय मोडून घरी पडले होते, तेव्हा त्याच कुसुमताई महिनाभर दर रविवारी कडक उन्हात एसटीने गेवराईला आल्या. येताना मुलींच्या सरावाचे कागद आणत आणि माझ्या मांडीवर पसरत. "बघा, मॅडम. माझी नजर चुकते कधी कधी." त्यांची नजर कधी चुकत नसे. मला बिछान्यातही शिक्षिकाच राहू द्यायचे होते त्यांना. हेही मला कळत होते, आणि याचाही मला हेवा वाटत होता, कारण मला असे सुचले नसते.

गौरवग्रंथाच्या समितीने शेवटी शुभेच्छा लिहायला सांगितले आहे. लिहिते.

कुसुमताई, क्लबमधले तुमचे जुने पिस्तूल मी मागच्या महिन्यात रीतसर मागून घेतले. वाळूच्या पिशवीवर टेकवून, क्रम उलटा करून, तुमच्याच पद्धतीने त्याला मानवणारा लॉट शोधला. पाचही छिद्रे रुपयाखाली झाकतात. एकदाही अडकले नाही. तो डबा तुमच्या नावाने क्लबच्या कपाटात ठेवला आहे आणि दसऱ्याला त्याच्या जवळपास कोणाला फिरकू देणार नाही. माझा पिवळा डबाही तयार आहे.

डोळे तपासून घ्या. गुडघ्याचे दुखणे अंगावर काढू नका. रोज सकाळी चाला, औषध वेळेवर घ्या आणि निदान शंभर वर्षे जगा. जिल्ह्याला तुमची गरज आहे हे इतर लेखक सांगतीलच. मला तुम्ही ठणठणीत हव्या आहात, कारण या वेळी तुम्ही हरलात तर त्याचे श्रेय काडतुसाला जाणार नाही. आणि जिंकलात, तर काडतूस मी निवडले होते, हे सभेत उठून सांगायचे.