कौसाआत्याचा ठराव

शाळेची छोटी सुट्टी झाली आणि माझा फोन वाजला. पडद्यावर नाव होतं ‘आत्या’. वेळ तिचीच होती, म्हणून डबा बाजूला सारून मी म्हणाले, "बोल आत्या, काय वाचलंस आज?"  पलीकडून दिलीपदादाचा, तिच्या मुलाचा आवाज आला, "नंदे, मी बोलतोय... आई गेली." सकाळी ती उसाच्या बांधावर गेली होती, तिथंच खाली बसली, छातीत दुखतंय म्हणाली, आणि इंदापूरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. गडबडीत दादाच्या हाती तिचाच फोन आला होता. आज पाच आठवडे झाले. तिच्याबद्दल लिहायला बसले की रडायला येईल असं वाटत होतं. पण खरं सांगते, लिहायला बसल्यावर आधी हसूच येतं. तिच्याइतकी उत्साही बाई मी दुसरी पाहिली नाही.

कौसल्या ही माझ्या वडिलांची थोरली बहीण. माहेर पणदऱ्याचं, सासर इंदापूर तालुक्यात, भवानीनगरच्या पुढं आत एका वस्तीवर. शिक्षण सातवीपर्यंत. वस्तीवर पेपर दुधाच्या गाडीबरोबर यायचा, नऊच्या सुमाराला. आत्या हातातलं काम टाकून ओट्यावर बसायची आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत, जाहिरातींसकट, ओठ हलवत वाचून काढायची. मग मला फोन. मी बारामतीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते, हा तिच्या दृष्टीनं माझा फार मोठा गुन्हा होता. "विज्ञानाची बाई हायस ना तू? मग सांग की!" असं म्हणून ती काहीही विचारायची. पोटातल्या बाळाच्या काळजावर डॉक्टरांनी इलाज केला म्हणतात, तर हात आत घातला कसा? शेअर बाजार पडला म्हंजी कशावर पडला, आणि हा बाजार भरतो तरी कुठल्या वारी? उत्तर मला बहुतेक वेळा येत नसायचं. "थांब, बघून सांगते," म्हणायचं आणि दुपारपर्यंत शोधून ठेवायचं. माझ्या नववीच्या वर्गाला गेल्या काही वर्षांत जे जादा शिकायला मिळालं, ते सगळं आत्याच्या धाकानं. एकदा मी तिला विचारलं, पेपरात इतकं वाईटही असतं, ते कधी सांगत नाहीस? तर म्हणाली, "वाईट बातमीला फोन लागत न्हाय. ती आपली आपण पोचती."

आपलं यान चंद्रावर उतरलं त्या संध्याकाळी तिनं दादाला अंगणात टीव्ही मांडायला लावला होता. वस्तीवरच्या बायाबापड्या, म्हशीच्या धारा लवकर उरकून, पोत्यांवर बसलेल्या. मी घरी टीव्हीसमोर आणि कानाला तिचा फोन. यानाच्या उंचीचे आकडे खाली यायला लागले तशी ती एक एक आकडा मोठ्यानं वाचायला लागली. आणि उतरलं! पलीकडं एकच गलका. त्या गलक्यात ती ओरडत होती, "नंदे, बाहेर ये! आर्धा चंद्र दिसतोय ढगातनं. दक्षिण टोक म्हंजी खालच्या अंगाचं ना? सांग लवकर, हितं सगळ्या इचारत्यात!" मी पळत गच्चीवर गेले. खालच्या अंगाचं, म्हणाले. तिनं सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "त्या तितं! त्या तितं हाय आपलं!" एवढ्या लांबून ते दिसणार नाही हे तिला काय कळत नव्हतं का? पण बोट दाखवल्याशिवाय तिचं समाधान होत नसे.

तिचं बोट दाखवणं नुसतं आभाळापुरतंही नव्हतं. उसात खांब रोवायचा, त्याच्या खाली जमिनीत तारा जातात, आणि रानाला पाणी हवं की नको हे मोबाइलवर कळतं, अशी बातमी तिनं वाचली आणि दुसऱ्या दिवशी बारामतीची एसटी धरली. मला शाळेतून रजा काढायला लावून शेतीच्या प्रदर्शनात नेलं. तिथल्या तरुण इंजिनियरला तिनं तासभर सोडलं नाही. घरी दादा म्हणाला, "आई, ऊस माझ्या आज्यानं लावला, बापानं लावला. आता मोबाइलला इचारून पाणी द्यायचं व्हय?" आत्या म्हणाली, "तुझं आठ एकर तुला. मला विहिरीकडचं आर्धं एकर दे. चुकलं तर माझं चुकलं." आणि तिनं खांब लावला. पहिल्या महिन्यात डुकरांनी तो आडवा केला. मोबाइल म्हणत होता रान कोरडं ठणठणीत, आणि आत्या चिखलात उभी! हसून हसून तिला बोलता येईना. पुन्हा उभा केला, भोवती काटेरी कुंपण घातलं. त्या अर्ध्या एकराला दादापेक्षा निम्म्यानं कमी वेळा पाणी गेलं असेल, पण ऊस असा आला की दादा संध्याकाळी एकटाच तिथं जाऊन कांड्या हातानं चाचपून बघायचा. पुढच्या उसाच्या लागणीला त्यानं स्वतःच्या रानात खांब रोवला. आईला काही बोलला नाही. ती पण काही बोलली नाही. मला मात्र फोन करून म्हणाली, "आलं गं पोरगं रांगेत!"

पण एक बातमी या सगळ्यांच्या आधीची. त्या दिवशी तिचा आवाज वेगळा होता. नेहमीसारखं काही विचारलं नाही, म्हणाली, "नुसतं ऐक." आणि एक एक शब्द वाचत गेली. कोल्हापूरकडच्या एका गावानं ग्रामसभेत ठराव केला होता, नवरा गेल्यावर बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. वाचून झालं.  मग तिनं मला ते सांगितलं, जे इतक्या वर्षांत कधी सांगितलं नव्हतं. मामा, म्हणजे तिचे यजमान, गेले तेव्हा दादा चार वर्षांचा होता. बायकांनी तिला ओढ्यावर नेलं, हात दगडावर धरला आणि दुसऱ्या दगडानं बांगड्या फोडल्या. एक काच मनगटात शिरली. "रगत आलं तर म्हणल्या, येऊ दे, आता काय." तिच्या उजव्या मनगटावरचा तो पांढरा वण मी लहानपणापासून बघत होते. विळा लागला असेल असं समजत होते. आणि हे सगळं सांगून झाल्यावर तिचा आवाज पुन्हा चढला, "नंदे, पर ठराव करता येतो, हे कुठं कुणाला ठावं हुतं? गावाला करता येतो! आपल्याला पण येईल की!"

पुढच्या ग्रामसभेला ती गेली. बायका फारशा जात नाहीत, गेल्या तर मागं बसतात. ती उठली, पेपरचा कागद काढला आणि वाचायला लागली. दोन ओळी झाल्या असतील, गावातले एक जाणते आबा म्हणाले, "कौसाबाई, हे घरातलं बोलणं. हितं रस्त्याचं बोला, पाण्याचं बोला." कुणीतरी मागून हसलं, मग बरेच हसले. दादा पुढं बसला होता. तो लाजेनं लाल झाला, मागं वळून म्हणाला, "आई, बस खाली." ती बसली. त्या संध्याकाळी मीच तिला फोन केला. वाटलं, खचली असेल. तर म्हणते कशी, "बसले मी. पर उठले हुते. ते समद्यांनी बघितलंय."

गेल्या वर्षी शेजारच्या वस्तीवरच्या रंजनाचा नवरा मोटारसायकलवरून येताना रस्त्यावरच गेला. रंजना अठ्ठावीस वर्षांची, पदरात लहान मुलगी. मी त्या दिवशी योगायोगानं आत्याकडंच होते. आम्ही गेलो तेव्हा दोन वयस्कर बाया रंजनाला बांगड्या फोडायला उठवत होत्या. आत्या सरळ जाऊन रंजनाच्या शेजारी बसली, तिचे दोन्ही हात ओढून आपल्या मांडीवर घेतले आणि वर आपले हात ठेवले.

"कौसे, सर बाजूला. रीत हाय ती."

"मला ठावं हाय रीत," आत्या म्हणाली, आणि बाही मागं सारून तिनं तो वण दाखवला. "ही बघा. हिला बांगड्या काढाव्या वाटल्या तर ही काढील. दुसऱ्या कुणी हात लावायचा न्हाय."

आवाज चढला नव्हता. पण ती तिथून हलली नाही. प्रेत नेलं, पुरुष परत आले, बायका कुजबुजून थकल्या, ऊन ओट्यावरून उतरलं, तरी आत्या तशीच. पाणी दिलं तर प्यायली नाही, उठावं लागेल म्हणून. रंजनाच्या हातात हिरव्या बांगड्या तशाच राहिल्या. आठ दिवस गाव बोलत होतं. मी काळजीनं विचारलं, आता लोक तुला बोलावतील का कार्याला? तर खळखळून हसली, "मला कवा बोलवत हुते गं हळदीकुंकवाला? माझ्याकडनं काढून घ्यायला त्यांना काय शिल्लकच न्हाय!" रंजना पुढं दूध संकलन केंद्रावर कामाला लागली. आत्या रोज पेपर वाचून झाला की तिच्याकडं पाठवायची, पेनानं खुणा करून.

मी एकदा आत्याला विचारलं होतं, तू का नाही लावत आता कुंकू? म्हणाली, "मला हौस न्हाय. लावू नको असं कुणी म्हणू नये, एवढंच."

ती गेली त्या दिवशी मी बारामतीहून पोचले तेव्हा अंघोळ घालून झाली होती. पांढरं लुगडं, कपाळ मोकळं. रंजना आली ती हातात कुंकवाचा करंडा घेऊन. मी हळूच म्हटलं, "अगं, तिला हौस नव्हती याची." रंजना म्हणाली, "त्यांना नसंल. मला हाय." आणि तिनं आत्याच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलं. एक म्हातारी उठून बाहेर गेली. दादा दारात उभा होता. मला वाटलं, आता हा काही बोलणार...  तो पुढं आला आणि आईच्या पायाशी बसला.

गेल्या आठवड्यात ग्रामसभा होती, शाळेच्या खोलीत. रंजनानं मला बोलावलं होतं, "तुमी नुसत्या मागं बसा." मागं बसायला जागा नव्हती! चाळीसेक बायका आल्या होत्या. रंजना उठली आणि कागदावर लिहिलेला तोच ठराव तिनं शेवटपर्यंत वाचला. ग्रामसेवकांनी विचारलं, सूचक कोण? ती म्हणाली, कौसल्याबाई. ग्रामसेवक अवघडले. "ताई, मयत माणसाचं नाव सूचक म्हणून घालता येत नाही." "मग माझं लिवा." "आणि अनुमोदन?"  बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. 

पुरुषांच्या बाजूनं दिलीपदादा उठला. आयुष्यात कधी चार माणसांत उठून न बोललेला माणूस. "मी देतो," म्हणाला.

"पूर्ण नाव सांगा."

"दिलीप कौसल्या मारुती." मग थोडं थांबून, ग्रामसेवकांच्या वहीवर झुकून म्हणाला, "आता आईचं नाव आधी लिवायचं असतंय ना सरकारी कागदावर? तसंच लिवा."

हात वर झाले. आबांचा झाला नाही, पण ते उठून गेलेही नाहीत. ठराव मंजूर झाला! बायकांनी टाळ्या वाजवल्या, कुणीतरी रंजनाच्या मुलीला उचलून घेतलं, आणि मी पंचेचाळीस वर्षांची शिक्षिका शाळेच्या एका बाकावर उभी राहून टाळ्या वाजवत होते. सगळे पांगल्यावर ग्रामसेवकांना विनंती करून मी ती इतिवृत्ताची वही बघितली. निळ्या शाईत, सरकारी अक्षरात, अनुमोदकाच्या रकान्यात आत्याचं नाव आहे. शाई अजून ओली होती. दादा म्हणाला, "बोट लावू नको नंदे, पुसंल." मी लावलं नाही.